महाराष्ट्रातून इंदूरला शिफ्ट होताय? कुठले कागद तिकडून आणायचे, कुठले इथे बनवायचे

महाराष्ट्रातून कुटुंबासकट इंदूरला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. रेशन कार्डाचं काय करायचं, एमएच नंबरची गाडी किती दिवस चालेल, मुलांना ॲडमिशन कधी मिळेल, आणि आल्या आल्या जो तो विचारतो ते समग्र आयडी हे काय प्रकरण आहे. यातलं एकही काम फार अवघड नाहीये, घोळ होतो तो क्रमाचा. काही कागद फक्त जुन्या गावीच मिळतात, ते निघायच्या आधी उरकायचे, नाहीतर एका सहीसाठी परत रात्रीची बस. बाकीचे इथे आल्यावर, आणि त्यात आधी किरायानामा म्हणजे भाडेकरार, मग आधार, मग बाकी सगळं.

निघायच्या आधी

मुलं असतील तर शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात आधी. राज्याबाहेर जाताय हे शाळेला स्पष्ट सांगा, कारण मग त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते (मुंबईत हायस्कूलसाठी शिक्षण निरीक्षक) आणि इथल्या बऱ्याच शाळा ती बघतातच. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का तेही तिथेच बघून घ्या. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं लिहायची पद्धत आहे आणि इकडे फॉर्म भरताना आडनावालाच मुलाचं नाव समजून एंट्री होऊन जाते, नंतर ती दुरुस्त करायला वेगळी धावपळ. मुलाचा पेन नंबर (देशभर चालणारा कायमचा विद्यार्थी क्रमांक) मागून घ्या आणि जुन्या शाळेला यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या केंद्रीय पोर्टलवर, मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकायला सांगा, ते झाल्याशिवाय नवीन शाळेला मुलाचं रेकॉर्ड आपल्याकडे ओढून घेता येत नाही. हे शाळेतल्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम आहे पण सुट्ट्या लागल्या की ते करणारा माणूस सापडत नाही.

एमपीत शाळेचं सत्र १ एप्रिललाच सुरू होतं, महाराष्ट्रात स्टेट बोर्डाचं जूनमध्ये. म्हणजे तिकडे परीक्षा चालू असते तेव्हा इकडे पुढच्या वर्गाची पुस्तकं वाटून झालेली असतात, त्यामुळे शाळेशी बोलणं फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवलेलं बरं, सीट धरून ठेवतात आणि दाखला नंतर घेतात. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. खासगी शाळेत मात्र त्यांच्या नियमाने चालावं लागतं.

नववी आणि अकरावी पास झालेल्या मुलांचं जरा जपून. सीबीएसई नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे कोर्स मानतं, त्यामुळे थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हवा असेल तर आईवडिलांच्या बदलीसारखं कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. कंपनीचं ट्रान्सफर लेटर जपून ठेवा. आणि डोक्यात मेडिकल असेल तर अजून एक गोष्ट, महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएस हवं तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, डोमिसाईलसोबत. बारावी इंदूरहून केली तर तो दरवाजा बहुतेक बंद, आणि एमपीचं ‘मूल निवासी’ प्रमाणपत्र (इथलं डोमिसाईल) काही आल्या वर्षी मिळत नाही, त्याला अनेक वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्र डोमिसाईलवर टाईप बी या अर्जदारांच्या गटातून अर्ज करता येतो, तिथे इतकं कडक नाही. म्हणून मूल अकरावीत असेल तर माझं मत विचाराल तर बारावी होईपर्यंत आजीकडे किंवा मावशीकडे राहू द्या, पटकन सगळे एकत्र आलो या आनंदात कोटा जातो.

जातीच्या दाखल्याबद्दल खूप जणांचा गैरसमज असतो. आरक्षणाचा दर्जा राज्यानुसार असतो, सुप्रीम कोर्टाने १९९० सालीच मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलंय की दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर तिथल्या राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत, तिकडे तीच जात यादीत असली तरीही. म्हणजे महाराष्ट्राचा एससी-एसटीचा दाखला केंद्राच्या नोकरीला, केंद्राच्या संस्थांना चालेल, एमपी सरकारच्या भरतीला नाही. त्यामुळे जात पडताळणी बाकी असेल तर ती महाराष्ट्रात असतानाच पूर्ण करून घ्या, पुढे कागद गोळा करणं कठीण होतं.

गॅसचं सोपं आहे. एजन्सीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचं, जुना सबस्क्रिप्शन व्हाउचर दाखवायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचा, त्यावर इंदूरच्या एजन्सीत नवीन कनेक्शन मिळतं, फक्त डिपॉझिट आजच्या रेटने भरावं लागतं. शेगडी आपलीच. इंदूरच्या बऱ्याच कॉलन्यांत अवंतिका गॅसची पाइपलाइन आहे, घर बघताना विचारून घ्या, असेल तर हा प्रश्नच मिटला.

गाडी

यात पैसा जातो म्हणून नीट वाचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. वर्षभरासाठीच आला असाल तर उगाच धावपळ नको. कायमचे येत असाल तर आपल्या जुन्या आरटीओतून एनओसी काढायची, फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आणि लोन असेल तर बँकेचं पत्र. पेंडिंग चलान असेल तर एनओसी निघत नाही, आणि ते पुण्याच्या कुठल्या तरी सिग्नलवरचं दोन वर्षांपूर्वीचं चलान हमखास निघतंच, तेव्हा आधी ऑनलाइन बघून भरून टाका.

इकडे आल्यावर इंदूरचं आरटीओ नायता मुंडलाला, शहराच्या बाहेरच म्हणा ना. तिथे फॉर्म २७, एनओसी, पत्त्याचा पुरावा, गाडीचं मूळ बिल, मग गाडीचं वय बघून एमपीचा टॅक्स लागतो आणि एमपी-०९ नंबर मिळतो. महाराष्ट्रात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सपैकी उरलेल्या काळाचा रिफंड मागता येतो, नवीन आरसी आणि टॅक्सची पावती जोडून जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा. बरेच लोक हा रिफंड सोडून देतात, सोडू नका. नंबर बदलला की इन्शुरन्स आणि फास्टॅग दोन्हीकडे कळवायचं, एवढं मात्र विसरतात आणि टोलवर कळतं.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर भागातल्या आयटी कंपन्यांत येणाऱ्यांनी बीएच (भारत सिरीज) नंबर बघावा, राज्य बदललं तरी तो बदलावा लागत नाही. कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असतील तर खासगी नोकरीवाल्यालाही मिळतो, फॉर्म ६० वर कंपनीची सही लागते, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. २०२१ ला सुरू झाला तेव्हा फक्त नवीन गाड्यांना होता, आता जुनी गाडीही त्यात बदलता येते. तीन वर्षांनी परत बदली व्हायची शक्यता असेल तर हेच बरं. लायसन्सची चिंता नको, ते देशभर चालतं, पत्ता सवडीने बदला.

इंदूरला आल्यावर

पहिलं काम किरायानामा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणं सक्तीचं असतं, इकडे ११ महिन्यांचा किरायानामा स्टॅम्पवर नोटरी करून देण्याची पद्धत आहे. घरमालक तयार असेल तर रजिस्टर्डच करा, पुढे कुठेच अडत नाही. आणि त्यात नवरा-बायको दोघांची नावं टाका, कारण आधारला पत्त्याचा पुरावा ज्याच्या त्याच्या नावाचा लागतो. सोबत पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती जबाबदारी मालकाची, पण मालक विसरला तर त्रास तुम्हालाच. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा एमपी पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर होतं.

मग आधार. मायआधार या सरकारी पोर्टलवर लॉगिन करून पत्ता बदला, फी ७५ रुपये. ज्यांच्या नावाचा पुरावा नाही, म्हणजे मुलं, आजी-आजोबा, त्यांच्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलायची सोय आहे. नात्याचा पुरावा जोडायचा, एसआरएन म्हणजे अर्जाचा नंबर मिळतो, आणि प्रमुखाने आपल्या लॉगिनमधून ३० दिवसांत मंजुरी द्यायची. अर्थात आधी प्रमुखाचा स्वतःचा पत्ता बदललेला हवा! मुलांचं ५ आणि १५ व्या वर्षीचं बायोमेट्रिक राहिलं असेल तर याच फेरीत करा.

आता समग्र. ही एमपी सरकारची ओळख आहे, कुटुंबाला ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याला ९ अंकी नंबर. शाळा, स्कॉलरशिप, रेशन, सरकारी योजना, जिथे जाल तिथे मागतात. पोर्टलवर आधार ओटीपीने नवीन कुटुंब नोंदवता येतं, नाहीतर एमपी ऑनलाइनच्या दुकानात किंवा नगर निगमच्या झोन ऑफिसात. वॉर्ड नंबर लागतो, इंदूरला ८५ वॉर्ड आहेत, आपला कुठला ते शेजाऱ्यांना विचारा. नाव आधारवर आहे तसंच्या तसं भरा, बायकोचं आधार माहेरच्या नावावर असेल तर आधी ठरवा कुठलं ठेवायचं. आणि आधारला मोबाईल लिंक नसेल तर ओटीपी येणारच नाही, मग समग्रही नाही, म्हणून म्हटलं आधार आधी.

रेशन कार्डाची घाई करू नका. अन्न सुरक्षा योजनेतलं कार्ड असेल तर वन नेशन वन रेशनमध्ये इंदूरच्या दुकानातही अंगठा देऊन धान्य मिळतं, नाव कमी करायची गरज नाही. योजनेबाहेरच्या केशरी किंवा पांढऱ्या कार्डाला ही सोय नाही, पण ते कार्ड पुरावा म्हणून कामी येतं, नुसतं फेकू नका.

मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा, फॉर्म ६ नाही, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. आणि घरात कुणाला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ती योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांची आहे, पत्ता बदलला की ते बंद होणार हे धरून चला. सत्तरीपुढच्या आजी-आजोबांचं आयुष्मान कार्ड मात्र दोन्हीकडे चालतं, योजनेतल्या हॉस्पिटलात.

लोकसेवा केंद्रात (सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणारं केंद्र) कुठलाही अर्ज दिला की पावती घ्या, त्यावर काम कधीपर्यंत होईल ती तारीख असते. एमपीत २०१० पासून लोकसेवा गॅरंटी कायदा आहे, तारीख उलटली तर अपील करता येतं, आणि तरीही कुणी ऐकत नसेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाका, हिंदीत बोला, पावतीचा नंबर हाताशी ठेवा.