चिवावा

चिवावा : कुत्र्याची एक अतिलघू जात. अधिकृत मान्यता असलेल्या श्वानजातींमध्ये ही सर्वांत लहान समजली जाते. अमेरिकेच्या टेक्सस व न्यू मेक्सिको या राज्यांना लागून असलेल्या, उत्तर मेक्सिकोतील चिवावा राज्यावरून तिला हे नाव मिळाले. मराठीत रोमन अक्षरांवरून केलेले ‘चिहुआहुआ’ असे लेखनही आढळते. मूळ स्पॅनिश उच्चाराला ‘चिवावा’ हे रूप अधिक जवळचे असल्याने येथे तेच स्वीकारले आहे. खुद्द मेक्सिकोत या कुत्र्याला ‘चिवावेन्यो’, म्हणजे चिवावाचा, असे म्हणतात. राज्याच्या नावाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ते नावात्ल (ॲझ्टेकांच्या) भाषेतील असून ‘कोरडी, वालुकामय जागा’ असा त्याचा अर्थ होतो, हे मत वारंवार उद्धृत केले जाते. तथापि तो प्रदेश नावात्लभाषकांचा मूळ प्रदेश नव्हे, ही अडचण लक्षात घेऊन ते तेथील रारामुरी लोकांच्या भाषेतून आले असावे असे मानणारेही अभ्यासक आहेत.

वर्णन : एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने ही जात सोबतीच्या व ‘टॉय’ कुत्र्यांच्या नवव्या गटात घातली असून तिच्या प्रमाण-वर्णनाचा क्रमांक २१८ आहे. या वर्णनात उंची विचारात घेतलेली नाही, केवळ वजन घेतले आहे. आदर्श वजन १.५ ते ३ किग्रॅ. धरले जाते. अमेरिकन केनेल क्लबची कमाल मर्यादा ६ पौंड, म्हणजे सुमारे २.७ किग्रॅ. आहे. डोके सफरचंदासारखे गोल, कपाळ व मुस्कट यांच्यामधली खाच खोल, डोळे मोठे, कान उभे व रुंद, शेपटी पाठीवर वळलेली, असे सर्वसाधारण रूप असते. आखूड आणि लांब केसांचे असे दोन प्रकार आहेत. अमेरिकेत १९५२ पासून त्यांची प्रदर्शनात वेगळी वर्गवारी होते, तर ब्रिटनमध्ये त्या दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात. लांब केस पापिओं किंवा पॉमेरेनियन या लहान जातींशी झालेल्या संकरातून आले असावेत. बाजारात ‘टीकप’ म्हणून विकला जाणारा प्रकार कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेच्या वर्गवारीत नाही. ते विक्रेत्यांचे नाव आहे.

टाळू : या जातीच्या डोक्यावर, अगदी मधोमध, कवटीची हाडे पूर्ण न जुळल्यामुळे एक मऊ जागा पुष्कळदा राहते. माणसाच्या तान्ह्या बाळाची टाळू काही महिन्यांत भरून येते. चिवावाची पुष्कळदा जन्मभर भरत नाही. श्वानपालकांमध्ये तिला ‘मोलेरा’ या स्पॅनिश नावाने ओळखतात. तिच्या अर्थाविषयी अधिकृत संस्थांमध्येच एकवाक्यता नाही, ही लक्षणीय गोष्ट होय. अमेरिकन प्रमाण-वर्णनात मोलेरा असो वा नसो, दोन्ही चालते. एफसीआयच्या वर्णनात मात्र उघडी टाळू हा कुत्रा प्रदर्शनातून बाद ठरवणारा दोष आहे. जुन्या श्वानपालकांनी तिला शुद्ध रक्ताची खूण मानले आणि पुढे तिचा उपयोग जातीच्या उत्पत्तीविषयीच्या वादात पुरावा म्हणूनही केला गेला (हा वाद पुढे दिला आहे). फिनलंडमधील पशुवैद्यक संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० चिवावांच्या कवटीची सीटी तपासणी केली. त्यांपैकी दहांत नऊहून अधिक कुत्र्यांच्या कवटीत एक वा अनेक न भरलेल्या फटी आढळल्या आणि त्यांतील बऱ्याच डोक्याच्या माथ्यावर नसून बाजूला किंवा मागे, म्हणजे बोटाला सहज न लागणाऱ्या ठिकाणी होत्या. मेंदू व मज्जारज्जूच्या विकाराची लक्षणे असलेल्या कुत्र्यांमध्ये या फटी संख्येने अधिक व आकाराने मोठ्या होत्या. त्यामुळे ‘लहान मोलेरा निरुपद्रवी’ हा पूर्वापार समज पूर्णतः चुकीचा ठरत नसला, तरी ती केवळ जातीची खूण आहे असे म्हणणे आता कठीण आहे.

उत्पत्ती : हा या जातीविषयीचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. स्थूलमानाने तीन मते मांडली जातात.

पहिले आणि सर्वाधिक प्रचलित मत असे, की चिवावा हा मध्य मेक्सिकोतील तोल्तेक या प्राचीन लोकांच्या ‘तेचिची’ या लहान, मुक्या कुत्र्याचा वंशज आहे. तेचिचीचा उल्लेख सोळाव्या शतकात न्यू स्पेनमध्ये (स्पॅनिश अमलाखालील मेक्सिकोत) वनस्पती व प्राण्यांची पाहणी करणारा राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याने केला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस्को हाविएर क्लाविहेरो या जेझुइट इतिहासकाराने तो पुन्हा वर्णिला. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याच्या ग्रंथातही कुत्र्यांची अनेक नावे येतात. त्यांतील ‘त्लालचिची’ हे बुटक्या, गुबगुबीत आणि खाण्यास उत्तम अशा कुत्र्याचे नाव आहे. यांपैकी कोणत्याही वर्णनावरून आजचा चिवावा निःसंशय ओळखता येत नाही. पश्चिम मेक्सिकोतील कोलीमा येथील थडग्यांमध्ये सापडलेल्या, इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीन शतकांच्या मानल्या जाणाऱ्या मातीच्या कुत्र्यांकडेही या मताचे पुरस्कर्ते बोट दाखवतात. परंतु अभ्यासकांचा कल त्या मूर्तींचा संबंध केशहीन शोलोइत्झक्विंत्ली या कुत्र्याशी जोडण्याकडे आहे. श्वानपालकांच्या पुस्तकांत कोलंबसाचाही आधार घेतला जातो. त्याच्या १४९२ च्या दैनंदिनीत न भुंकणाऱ्या कुत्र्यांची नोंद आहे हे खरे, पण ती कॅरिबियन बेटांवरील कुत्र्यांची असून मेक्सिकोच्या भूमीवर त्या वेळी तो पोहोचलाच नव्हता.

दुसऱ्या मतानुसार हा कुत्रा युरोपीय, विशेषतः माल्टा बेटावरील, लहान कुत्र्यांपासून आला आणि स्पॅनिश लोकांनी तो मेक्सिकोत नेला. न भरलेली टाळू तेथील लहान कुत्र्यांतही आढळत असे, हा त्यामागचा एक युक्तिवाद. दुसरा अधिक चित्तवेधक आहे. रोममधील सिस्टाइन चॅपेलमध्ये बोत्तिचेल्ली या चित्रकाराने १४८१–८२ मध्ये रंगवलेल्या, बायबलमधील मोझेसच्या जीवनप्रसंगांच्या भित्तिचित्रात एका मुलाच्या हाती लहानसे कुत्रे दिसते आणि हे चित्र कोलंबसाच्या प्रवासाच्या दहा वर्षे आधीचे आहे. चित्रातील प्राण्याची जात रूपावरून ठरवण्याच्या मर्यादा ध्यानात घेता हा पुरावा कितपत धरावा याविषयी शंका आहे. त्यातून युरोपात त्या काळी लहान कुत्री पाळली जात होती एवढे निश्चित होते. चीनमधून व्यापाऱ्यांमार्फत आल्याचे तिसरे मत आधारांच्या दृष्टीने सर्वांत दुबळे आहे.

आनुवंशिकीमुळे वादाचे स्वरूप बदलले, मात्र तो पूर्णतः मिटला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियातील) डीएनएवर आधारलेल्या एका अभ्यासात चिवावांमध्ये असा एक प्रकार मिळाला, की जो अन्यत्र न आढळता कोलंबसपूर्व मेक्सिकोतील कुत्र्यांच्या अवशेषांतच आढळला होता. तंतुकणिकांतील डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे अनेक पिढ्यांमागची एक मादी त्यातून कळते, संपूर्ण वंशावळ नव्हे. ‘सायन्स’ या नियतकालिकातील २०१८ च्या अभ्यासाने संपूर्ण जनुकसंचाचा विचार करून असा निष्कर्ष काढला, की सायबेरियातून आलेल्या पूर्वजांपासून झालेली मूळ अमेरिकन कुत्री युरोपीयांच्या आगमनानंतर जवळजवळ नामशेष झाली आणि चिवावासारख्या आधुनिक जातींत त्यांचा वाटा अत्यल्प, फार तर चार टक्क्यांच्या आसपास, उरला आहे. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. मेक्सिकन मादीपासून आलेला एक धागा टिकून राहिला आणि त्याभोवतीचे बहुतेक वस्त्र युरोपीय कुत्र्यांचे विणले गेले, असे मानल्यास दोहोंची संगती लागते आणि आज तेच मत अधिक ग्राह्य दिसते. तोल्तेकांचा कुत्रा जसाच्या तसा आपल्या मांडीवर बसला आहे ही कल्पना विक्रीस उपयुक्त असली, तरी तिला आधार नाही.

लहान आकाराचे कारण वेगळे व बरेच जुने आहे. आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित जनुकाचा एक विशिष्ट प्रकार लहान आकाराच्या बहुतेक सर्व जातींत समान असल्याचे २००७ मध्ये दाखवण्यात आले. २०२२ मध्ये याच जनुकाजवळचा, लहान आकाराशी निगडित असलेला फेरफार सायबेरियातील सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही सापडला. म्हणजे लहान आकाराचे बीज माणसाने निर्माण केले नाही; ते लांडग्यात होते आणि माणसाने निवडीने वाढवले.

प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीमेवरील मेक्सिकन विक्रेत्यांकडून अमेरिकन प्रवासी ही लहान कुत्री विकत घेऊ लागले आणि विकत घेतलेल्या जागेवरून त्यांना टेक्ससचा किंवा ॲरिझोनाचा कुत्रा अशीही नावे पडली. जेम्स वॉटसन या श्वानपरीक्षकाने १८८८ च्या सुमारास सीमेवर अशी एक मादी घेतली होती. अमेरिकन केनेल क्लबमधील पहिली नोंद १९०८ ची मानली जाते. काही लेखक १९०४ हे साल देतात. चिवावा क्लब ऑफ अमेरिका १९२३ मध्ये स्थापन झाला. ऑर्केस्ट्राचा संचालक झेवियर कूगाट लहान चिवावा हाती घेऊन कार्यक्रमांत वावरत असे आणि १९३०–४० च्या दशकांत जातीला त्यामुळे पुष्कळ प्रसिद्धी मिळाली. १९९७ पासून टॅको बेल या उपाहारगृहांच्या जाहिरातींत झळकलेली गिजेट ही मादी पुढच्या लाटेची कारण ठरली. तिच्या पाठोपाठ चित्रपट व छायाचित्रांतून ‘पर्समधले कुत्रे’ ही फॅशन आली आणि काही वर्षांतच कॅलिफोर्नियातील प्राणी-आश्रयस्थाने टाकून दिलेल्या चिवावांनी इतकी भरली, की त्यांना विमानाने इतर राज्यांत पाठवावे लागले.

आकर्षणाची कारणे : मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे व आखूड मुस्कट ही तान्ह्या बाळाची लक्षणे पाहून प्रौढांत जपण्याची वृत्ती जागी होते, असे कोनराट लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडले. चिवावाचे रूप त्या यादीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. पूर्ण वाढ झालेला कुत्राही पिल्लू दिसतो. कमी जागा, कमी खाणे, घरातल्या घरात भागणारा व्यायाम आणि काखेत धरून प्रवास करता येणे ही व्यावहारिक कारणे उघड आहेत. याखेरीज चिवावा जवळ बाळगल्याने दमा बरा होतो, अशी समजूत मेक्सिको व नैर्ऋत्य अमेरिकेत रूढ आहे. तिला वैद्यकीय आधार नाही.

स्वभावाविषयीची कीर्ती संमिश्र आहे. डफी, ह्सू व सर्पेल या संशोधकांच्या २००८ च्या पाहणीत माणसांविषयी तसेच इतर कुत्र्यांविषयी सरासरीहून अधिक आक्रमकता दाखवणाऱ्या जातींत डाखशुंड या जातीसह चिवावाही होता. हा जातीचा गुण की पाळण्याच्या पद्धतीचा परिणाम, हे वेगळे करणे अवघड आहे. मोठ्या कुत्र्याचे गुरगुरणे मालक चालवून घेत नाही. हातभर कुत्र्याचे गुरगुरणे कौतुकाने दाखवले जाते. लहान कुत्र्यांचे मालक वागणुकीत कमी सातत्य राखतात, असे व्हिएन्नातील २०१० च्या एका अभ्यासात आढळले आहे.

आरोग्य : गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे, हृदयाची झडप निकामी होणे, जलशीर्ष (मेंदूत पाणी साचणे), दुधाचे दात न पडल्याने होणारी दातांची दाटी हे नेहमीचे विकार होत. पिल्लांत रक्तातील साखर अचानक उतरते, म्हणून त्यांना थोडेथोडे व वारंवार खाऊ घालावे लागते. पिल्लाचे डोके मादीच्या कटीच्या मानाने मोठे असल्याने सिझेरियन करण्याची वेळ पुष्कळदा येते. वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग अधिक असल्यामुळे थंडी सोसत नाही.

आयुर्मानाचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. श्वानपालक संघटना १४ ते १६ वर्षे सांगतात. ब्रिटनमधील २०२२ च्या एका अभ्यासात जन्मवेळची अपेक्षित आयुर्मर्यादा केवळ ७.९ वर्षे आली, तर २०२४ च्या अभ्यासात मध्यक आयुर्मान ११.८ वर्षे आले. पहिल्या अभ्यासात केवळ मृत कुत्र्यांच्या नोंदी होत्या आणि नुकत्याच लोकप्रिय झालेल्या जातीत तरुण कुत्र्यांचे प्रमाण अधिक असल्याने त्यांतील मृत्यूही तरुण वयाचेच जास्त नोंदले जातात. दुसऱ्यात जिवंत कुत्र्यांचाही समावेश असल्याने तो आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. गिनीजच्या नोंदीत २०२३ मध्ये सर्वांत बुटकी ठरलेली पर्ल ही चिवावा मादी ९.१४ सेंमी. उंच व ५५३ ग्रॅम वजनाची होती. तिच्याआधी हा मान असलेली मिरॅकल मिली ही तिच्या आईची जुळी बहीण होती.

भारतात : घरात पाळायचे लहान कुत्रे म्हणजे पांढरा ‘पामेरियन’, असे समीकरण महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होते (त्यांतील बरेचसे वस्तुतः इंडियन स्पिट्झ होत), चिवावा त्या मानाने नवा आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये परदेशी कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीविषयक नियम लागू केले. गृहनिर्माण संस्थांना कुत्र्याच्या आकारावरून पाळण्यास मनाई करता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.