सगळे की मिळेल तेवढे? प्राणीप्रयोगांच्या कायद्यावरून प्राणीमित्रांत पडलेली फूट

९ फेब्रुवारी १८९८ रोजी लंडनमध्ये 'नॅशनल अँटी-व्हिव्हिसेक्शन सोसायटी'च्या परिषदेत एक ठराव २९ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. जिवंत प्राण्यांवरील प्रयोग पूर्णपणे बंद करणे हेच संस्थेचे अंतिम ध्येय राहील, पण तोवर संसदेत त्याहून लहान सुधारणा मागायला संस्था मोकळी असेल, असा त्याचा आशय होता. ही संस्था जिने उभी केली, त्या फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी लगेच राजीनामा दिला. त्या वेळी त्या ७५ वर्षांच्या होत्या. चार महिन्यांनी, १४ जूनला, त्यांनी ब्रिस्टलमध्ये 'ब्रिटिश युनियन फॉर द अबॉलिशन ऑफ व्हिव्हिसेक्शन' ही नवी संस्था काढली. संपूर्ण बंदीपेक्षा कमी काहीही मागायचे नाही, हा तिचा नियमच होता.

'तत्त्वनिष्ठ विरुद्ध व्यवहारी' अशा दोन खणांत ही फूट सहसा बसवली जाते. एवढ्यावर तिचा उलगडा होत नाही, कारण कॉबबाईंनी सुरुवात तडजोडीपासूनच केली होती. त्यांचे मत का फिरले हे कळायला १८७६ चा कायदा आतून पाहावा लागतो.

ब्रिटनमध्ये गुरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा १८२२ मध्ये झाला आणि प्राणीक्रौर्य प्रतिबंधक संस्था १८२४ मध्ये निघाली. पुढे १८४० मध्ये तिला राजाश्रय मिळून ती 'रॉयल' झाली. प्रयोगशाळेचा प्रश्न मात्र १८७४ मध्ये ऐरणीवर आला. नॉर्विच येथील वैद्यकीय परिषदेत फ्रेंच डॉक्टर मान्याँ यांनी कुत्र्यांना ॲबसिंथ (एक कडक मद्य) टोचून दाखवले. संस्थेने खटला भरला, मान्याँ फ्रान्सला परतले आणि जुना कायदा प्रयोगशाळेत फारसा चालत नाही हे सर्वांना कळून चुकले. जानेवारी १८७५ मध्ये कॉब यांनी सहाशेहून अधिक सह्यांचे निवेदन या संस्थेला दिले. मागणी बंदीची नव्हती, प्रयोगांना आळा घालण्याची होती. संस्थेने थंडा प्रतिसाद दिला. तिचे आश्रयदाते, डॉक्टर आणि शिकारीची हौस असलेले उमराव एकाच वर्तुळात वावरत होते, हे त्यामागचे उघड कारण.

मे १८७५ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन विधेयके आली. पहिले लॉर्ड हेनिकर यांचे, कॉब यांच्या पुढाकाराने तयार झालेले. प्रयोगाची जागा नोंदवावी, भूल सक्तीची असावी आणि भूल न देता प्रयोग करायचा तर वेगळा परवाना घ्यावा, असे त्यात होते. दुसरे खासदार लायन प्लेफेअर यांचे. त्यामागे डार्विन, हक्स्ले आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन सँडरसन होते. ज्या प्रयोगात वेदना नाही, त्याला परवान्याची गरजच नाही, असा त्याचा रोख होता. म्हणजे वेदना आहे की नाही हे प्रयोग करणाऱ्यानेच ठरवायचे. सरकारने दोन्ही बाजूला ठेवून शाही आयोग नेमला. तिथे प्राण्यांवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ इमॅन्युएल क्लाइन यांनी साक्ष देताना, प्रयोग करताना आपण प्राण्याच्या वेदनेचा विचार करत नाही, असे सरळ सांगितले. आयोगावर आणि वर्तमानपत्रांवर त्या एका साक्षीचा जो परिणाम झाला, तो शेकडो पत्रकांनी झाला नसता.

त्याच वर्षी जॉर्ज जेस यांनी संपूर्ण बंदी मागणारी संस्था काढली होती. तिच्या नजरेत कॉब नरमाईच्या बाजूच्याच. कॉब यांनी डॉ. जॉर्ज हॉगन यांच्यासह १८७५ च्या अखेरीस जी संस्था स्थापली, ती कार्यालयाच्या पत्त्यामुळे 'व्हिक्टोरिया स्ट्रीट सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली; हीच पुढे 'नॅशनल अँटी-व्हिव्हिसेक्शन सोसायटी' झाली. कारखान्यांतील मुलांसाठी कायदे घडवून आणणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी तिचे अध्यक्ष झाले. कारखान्यांचे कायदे एकेक पायरी चढतच झाले होते, त्यामुळे नियमनाचा मार्ग त्यांना ओळखीचा होता.

मे १८७६ मध्ये लॉर्ड कार्नार्वन यांनी सरकारी विधेयक मांडले. ते कडक होते. कुत्रा, मांजर आणि घोडा यांच्यावरील प्रयोगांना त्यात थेट बंदी होती. मग दोन गोष्टी घडल्या. कार्नार्वन यांच्या मातोश्री वारल्या आणि ते ऐन वेळी कामापासून दूर झाले. मधल्या काळात डॉक्टरांनी जमवाजमव केली आणि जुलैमध्ये सुमारे तीन हजार डॉक्टरांचे निवेदन गृहमंत्री रिचर्ड क्रॉस यांच्या हाती पडले. अधिवेशन संपत आले होते. विधेयक सोडून द्यायचे की दुरुस्त्यांसह घ्यायचे, असा पेच उभा राहिला. दुरुस्त्या झाल्या आणि १५ ऑगस्ट १८७६ रोजी त्याचा कायदा झाला.

खरी मेख या दुरुस्त्यांत होती. कायद्याचा मूळ नियम चांगलाच होता. परवानाधारकानेच प्रयोग करायचा, प्राणी शेवटपर्यंत भुलीखाली ठेवायचा आणि शुद्धीवर येण्याआधी मारायचा. 'क्युरारी' हे भुलीचे औषध मानायचे नाही, असेही कलम होते. ते फार महत्त्वाचे होते. क्युरारीने स्नायू लुळे पडतात, पण संवेदना शाबूत राहते. प्राण्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेले असते, तो हलू किंवा ओरडू शकत नाही. सोबत दिलेल्या क्लोरोफॉर्मचा अंमल उतरला तरी शेजारी उभ्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.

पण प्रत्येक नियमाला पळवाट म्हणून एकेक दाखला ठेवला होता. 'ए' दाखला असला की भूल द्यायची गरज नाही. 'बी' असला की प्राणी शुद्धीवर येऊ द्यायला हरकत नाही. 'सी' दाखला विद्यार्थ्यांना वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. कुत्र्या-मांजरांवर भूल न देता प्रयोग करायचा तर 'ए'च्या जोडीला 'ई' आणि घोडा, गाढव, खेचर यांच्यासाठी 'एफ'. कार्नार्वन यांच्या मसुद्यातील सरसकट बंदीचे रूपांतर असे एका जादा कागदात झाले. दाखल्यावर दोन सह्या लागत. एक रॉयल सोसायटीसारख्या ठरावीक विद्वत्संस्थांपैकी एकीच्या अध्यक्षाची, दुसरी शरीरशास्त्र, वैद्यक वगैरे विषयांच्या प्राध्यापकाची. प्रत गृहमंत्र्यांकडे गेली की आठवड्याने दाखला लागू. गृहमंत्री तो नाकारू शकत, पण नाकारायचा कशाच्या आधारावर, हे सांगणारे त्यांच्याकडे कोणी नव्हते. परवानाधारकावर खटला भरायचा तर लेखी संमती गृहमंत्र्यांचीच, आणि तोही सहा महिन्यांच्या आत. पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५० पौंड. पहिले निरीक्षक जॉर्ज बस्क स्वतः शल्यवैद्य आणि रॉयल सोसायटीचे सदस्य होते.

थोडक्यात, सूट देणारे आणि सूट घेणारे एकाच पंगतीला होते. आमच्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

नोव्हेंबर १८८१ मध्ये याची परीक्षा झाली. त्या उन्हाळ्यात लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत मेंदूचे संशोधक डेव्हिड फेरिअर यांनी मेंदूचा भाग काढलेले माकड दाखवले होते. या कामाची रीतसर परवानगी त्यांच्याकडे नव्हती, म्हणून व्हिक्टोरिया स्ट्रीट सोसायटीने त्यांना कोर्टात खेचले. वैद्यकीय नियतकालिकांत शस्त्रक्रिया फेरिअर यांनी केल्याचे छापून आले होते आणि फिर्यादीची सगळी भिस्त त्यावरच होती. सुनावणीत बाहेर आले की शस्त्र प्रत्यक्ष चालवले होते परवानाधारक सहकारी जेरल्ड येओ यांनी. खटला निकाली निघाला. प्रयोगशाळेचे दार बंद असताना बाहेरच्या फिर्यादीला छापील अहवालाखेरीज पुरावा मिळत नाही, आणि अहवाल लिहिणारे समोरच्याच बाजूचे असतात. त्याच्या पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी 'असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ मेडिसिन बाय रिसर्च' स्थापली आणि गृहखाते परवान्याचे अर्ज सल्ल्यासाठी याच संस्थेकडे पाठवू लागले. हा प्रघात १९१३ पर्यंत चालला.

कॉब यांची संस्था १८७८ मध्येच संपूर्ण बंदीवर आली होती. पुढच्या वर्षी लॉर्ड ट्रूरो यांचे बंदीचे विधेयक उमरावसभेत १६ विरुद्ध ९७ मतांनी पडले. १८८३ मध्ये कनिष्ठ सभागृहातले विधेयक चर्चेतच वेळ संपून बारगळले. मग कित्येक वर्षे पत्रके, सभा आणि निवेदने. तोवर जीवाणूशास्त्र आले, लशी आणि रक्तरस (सीरम) आले, आणि कायद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत शेकड्यांत मोजले जाणारे प्रयोग १९१० पर्यंत वर्षाला सुमारे ९५ हजारांवर गेले. त्यातले बहुतेक सुईने टोचण्याचे, 'ए' दाखल्याखालचे. टोचताना भूल लागत नाही हे खरे, पण टोचल्यानंतर दिवसेंदिवस चालणारा आजार त्या दाखल्यात मोजलाच जात नव्हता.

या वाढीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १८९८ च्या फुटीआधी, स्टीफन कोलरिज संस्थेचे मानद सचिव झाले. वकिली पेशाचे, सरन्यायाधीशांचे चिरंजीव. संसद बंदी देणार नाही, आणि ती मिळेपर्यंत जे प्राणी टेबलावर येतील त्यांच्यासाठी आज काही न मागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कॉब यांचे उत्तर अनुभवातून आले होते. अर्धा कायदा झाला की लोकांना वाटते प्रश्न मिटला. परवान्यामुळे छळाला सरकारी शिक्का मिळतो आणि चळवळीतला जोर जातो. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच मते २९-२३ अशी विभागली. एक गोष्ट मात्र कॉब यांच्या भूमिकेविषयी नोंदवली पाहिजे. त्या मांसाहारी होत्या आणि अन्नासाठी प्राणी मारण्याला त्यांचा विरोध नव्हता. ॲना किंग्सफर्ड यांच्यासारख्या शाकाहारी प्रयोगविरोधकांना ही विसंगती खटके. 'संपूर्ण' या मागणीलाही कुठेतरी हद्द होतीच.

दुसरा शाही आयोग १९०६ मध्ये बसला आणि त्याचा अहवाल १९१२ मध्ये आला. निरीक्षक वाढवणे, तीव्र आणि टिकणाऱ्या वेदनेत असलेल्या प्राण्याला वेदनारहित रीतीने मारणे, आणि डॉक्टरांच्या संस्थेऐवजी गृहमंत्र्यांची स्वतःची सल्लागार समिती नेमणे या त्याच्या शिफारशी होत्या. या नव्या अटी आल्या, पण १८७६ चा कायदा तसाच राहिला. तो ११० वर्षे टिकला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रयोग याच चौकटीत चालले.

१९८६ च्या नव्या कायद्याच्या वेळी तीच फूट पुन्हा पडली. एकीकडे प्रयोगसुधार समिती, पशुवैद्यक संघटना आणि पर्यायी पद्धतींसाठी काम करणारी 'फ्रेम' यांनी मिळून सरकारशी वाटाघाटी केल्या. त्यांच्यातले क्लाइव्ह हॉलंड्स स्वतः स्कॉटलंडमधील प्रयोगविरोधी संस्थेतून आलेले. दुसरीकडे कॉब यांची ब्रिटिश युनियन, 'ॲनिमल एड' आणि हो, १८९८ मध्ये तडजोडीला मत दिलेली नॅशनल सोसायटीसुद्धा विरोधात एकत्र आल्या. सौंदर्यप्रसाधने, तंबाखू, दारू आणि युद्धसामग्री यांच्या चाचण्या, तसेच निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवण्याची 'एलडी-५०' चाचणी, ही क्षेत्रे नावानिशी बंद करा, अशी त्यांची मागणी होती. १९८६ च्या कायद्यात एकही नावानिशी बंदी आली नाही. आले ते असे: व्यक्तीचा परवाना वेगळा, प्रकल्पाचा वेगळा, जागेला प्रमाणपत्र, आणि प्रत्येक प्रकल्पात प्राण्यांना होणारा त्रास व अपेक्षित लाभ यांची तुलना.

विरोधकांनी याला फसवणूक म्हटले. पण १९९७-९८ मध्ये सरकारने सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांना परवाने देणे थांबवले, तंबाखू आणि दारूच्याही, तेव्हा नवा कायदा करावा लागला नाही. १९८६ च्या कायद्यातला प्रकल्प-परवान्याचा अधिकार पुरेसा ठरला. १८७६ मध्ये असे काही शक्य नव्हते, कारण तिथे हेतू ढोबळपणे लिहिलेले होते, पण प्रत्येक प्रकल्पाचा हेतू त्रासाशी तोलून तपासणारी पायरीच नव्हती. दोन तडजोडींतला हा फरक आम्हाला निर्णायक वाटतो. अर्थात, बाहेरून रेटा लावणारे विरोधक नसते तर सरकारने तो अधिकार वापरला असता, असे म्हणायलाही आधार नाही.

भारतात या वादाचा धागा थेट येतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेले खासगी विधेयक १९५४ मध्ये, सरकार स्वतः कायदा आणेल या नेहरूंच्या आश्वासनावर मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणीक्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे कलम १४ प्रयोगांना मोकळीक देते, आणि कोणत्या हेतूचे प्रयोग, हे सांगणारी त्यातली शब्दरचना १८७६ च्या ब्रिटिश कायद्यातून बरीचशी जशीच्या तशी उतरली आहे. कलम १७ मधील भुलीची अटही त्याच वळणाची. कलम १५ ने नेमायची केंद्रीय समिती १९६४ मध्ये आली, पण तिला खरा जोर आला १९९८ च्या नियमांनी. आता प्रत्येक प्रयोगशाळेत आठ जणांची नैतिक समिती असते. पाच जण संस्थेतले आणि तिघे केंद्रीय समितीने नेमलेले: तिचा मुख्य प्रतिनिधी, बाहेरचा एक शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्य. मुख्य प्रतिनिधी किंवा त्याच्या जागी नेमलेला पर्यायी प्रतिनिधी हजर नसेल तर बैठक ग्राह्य धरली जात नाही. उंदीर, ससे यांच्यावरील प्रकल्पांचा निकाल हीच समिती लावते, मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव केंद्राकडे जातात. पुण्या-मुंबईतल्या औषधनिर्माण महाविद्यालयांतही हीच रीत आहे. समितीवर बसलेल्या बाहेरच्या सदस्याने प्रस्तावाच्या अर्जात आधी दोन रकाने पाहावेत: प्राण्यांची संख्या कोणत्या हिशेबाने ठरवली, आणि प्रयोग कोणत्या लक्षणांवर मध्येच थांबवून प्राण्याला यातनांतून सोडवायचे. दुसरा रकाना मोघम असेल तर प्रस्ताव परत पाठवावा, असा आग्रह त्याने समितीत धरावा.