40 आणि 44 दात्यांचा हिशेब

जुनी स्पोर्ट्‌स कार खाली घ्यायची म्हटले की सोलापुरातल्या गॅरेजांत स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकण्याचा सल्ला आजही मिळतो. त्याने उंची कमी होते हे खरे. पण स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे 8 पैकी 1 वेढा गेला की उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्के अधिक ताठर होते. बदलायची होती उंची, आणि बदलून बसला गाडीचा स्वभाव.

1960 च्या दशकातल्या पोर्शे 911 मध्ये या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या आहेत. तिथे वेटोळ्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी पोलादी दांडी असते. मागच्या बाजूला तिचे आतले टोक गाडीच्या सांगाड्यात पक्के बसते आणि बाहेरचे टोक चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या भुजेला जोडलेले असते. दांडीचा ताठरपणा तिच्या व्यासावर आणि लांबीवर ठरतो, ती कोणत्या कोनात बसवली यावर नाही. त्यामुळे दांडी फिरवून बसवली, तर फक्त उंची बदलते.

अडचण अशी की, दांडीच्या टोकांना दाते असल्याने ती हव्या त्या कोनात बसत नाही. आतल्या टोकाला 40 दाते, म्हणजे एका दात्याला 9 अंश. आर्म 40 सेंमीचा धरला तर चाकाशी हा फरक सहा सेंटिमीटरांहून अधिक भरतो. बाहेरच्या टोकाला मात्र मुद्दाम 44 दाते ठेवले आहेत, म्हणजे प्रत्येकी सुमारे 8.18 अंश. आतले टोक एक दाता पुढे आणि बाहेरचे एक दाता मागे घेतले की निव्वळ फरक उरतो 0.82 अंशाचा, चाकाशी जेमतेम 6 मिलिमीटर. अकरावीच्या प्रयोगशाळेत आपण हाताळलेल्या व्हर्नियर कॅलिपरचे तत्त्व हेच. पुढच्या चाकांसाठी साधा स्क्रू आहे, त्यात फारसे कौतुक करण्यासारखे काही नाही.

मोजमाप जमिनीपासून घेऊ नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात टायरमधली हवा तापून दाब वाढतो, टायर झिजलेलेही असतात. म्हणून चाकाचा मध्य आणि दांडीचा मध्य यांतले उभे अंतर मोजतात. गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाके आखडून राहतात, तेव्हा आधी ती थोडी चालवून आणावी.

किती खाली घ्यावी, हे रस्ता ठरवतो. भारतीय मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो, त्याची त्रिज्या 17 मीटर. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे 2.27 मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध आली, तर तिच्या पोटाखाली उंचवटा शिरतो तो केवळ 4 सेंमी. याउलट गल्लीबोळात लोकांनी हौसेने घातलेला आखूड गतिरोधक दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णच्या पूर्ण मावतो, आणि तिथे सगळे 10 सेंमी मोजावे लागतात. सोलापुरात गाडी फिरवायची असेल तर छायाचित्रातला रुबाब विसरून उंची थोडी जास्तच ठेवावी, असे माझे मत आहे.

एकच कोपरा उचलला, तर त्या चाकावरचा आणि त्याच्या तिरप्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा घटतो; म्हणून डावी-उजवी बाजू जोडीने जुळवावी लागते. उंचीबरोबर चाकांचा कलही बदलत असल्याने त्यानंतर व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी.