खारं पाणी, कपड्याची वडी आणि डोस्क्याची आग

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या आईची डोकं धुण्याची रीत ठरलेली आहे. बंबातलं कढत पाणी, कपड्याची वडी आणि नखांनी खरवडणं. फेस येत नाही म्हणून आणखी वडी फिरवायची. केस वाळले की मुळाशी पांढरट थर राहतो, बोटाला मेणासारखा लागतो. तिच्या लेखी तो कोंडा, म्हणून पुढच्या खेपेस दुप्पट जोर. मग दोन दिवस एकच गाऱ्हाणं: "डोस्क्यात आग पडल्यावानी होते रे बाप्पा, अन् पाह्यलं तं काहीच दिसत नाही!"

काही दिसत नाही आणि तरी आग होते, खाज सुटते, कातडी ताणल्यासारखी वाटते. यालाच संवेदनशील टाळू म्हणतात. दिसत नाही म्हणून घरचे ही नाटकं समजतात, हे वेगळंच दुखणं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारट. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की ते सोडियमला हुसकून त्याची जागा घेतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. शिवाय मीठ जास्त असलेल्या पाण्यात साबण नीट विरघळतही नाही. मोठ्या आईच्या केसांतला तो 'कोंडा' म्हणजे बराचसा हा साकाच. जितका साबण जास्त, तितका साका जास्त.

तिला हे पटवायला मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत टिनावरून धरलेलं पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत वडीचा नखाएवढा कीस टाकून हलवलं. पहिली गळ्यापर्यंत फेसली. दुसरीत ताकावर यावी तशी साय तरंगली. ती बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिली.

साबणाचा दुसरा दोष पाण्याशी संबंधित नाही. कातडी किंचित आंबट असते, तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 5च्या आसपास. साबणाचा 9 ते 10. पीएचमधला एक आकडा म्हणजे दहापट फरक, तेव्हा चार आकडे म्हणजे दहा हजारपट. या आंबटपणावरच कातडीचा वरचा तेलकट बांध टिकतो. तो खचला की ओल बाहेर जाते आणि खाजवणाऱ्या गोष्टी थेट मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतात.

त्या टोकांवर बसलेला एक ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारं प्रथिन, फार मजेदार आहे. नाव टीआरपीव्ही 1. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला भाजतं ते याच्यामुळे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो 1997 मध्ये ओळखला, आणि 2021 च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. हा ग्राहक मिरचीनं जागा होतो, तसा सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेनं आणि आम्लानंही होतो. आता मे महिन्यातलं आमचं ऊन आठवा, पारा 45च्या वर. बंबाचं कढत पाणी आठवा. खाज सुटली म्हणून खरवडलेल्या डोक्यावर चोळलेला लिंबू आठवा. तिन्हींकडून एकच घंटी वाजते. भिवापुरी मिरची खाल्ल्यावर कान तापतात, तोच मेंदूपर्यंत जाणारा निरोप, फक्त पत्ता डोक्याचा. म्हणून लिंबाचा उपाय मला अघोरी वाटतो. कोमट पाणी, डोक्यावर सुती शेला आणि बोटांची पेरं, यांनी निम्मं काम होतं.

धुवायला काय? शाम्पूतले फेस आणणारे घटक खाऱ्या पाण्यात साका करत नाहीत. एक-दोन रुपयांची पुडी मगभर पाण्यात कालवून लावली तरी पुरते. शिकेकाई-रिठ्याचा फेस सॅपोनिनचा असतो, तोही साका धरत नाही. मात्र भुकटी जाडीभरडी असेल तर ओरखडे काढते. रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी.

खरा कोंडा असेल तर तेलाचा मारा नको. कोंड्याशी जोडलेली मॅलासेझिया ही यीस्ट टाळूवरच्या मेदावर जगते. खोबरेल म्हणजे तिला पंगत. केसांच्या दांड्याला खोबरेल चांगलंच, पण ते केसांना लावावं, कातडीला नाही. खऱ्या कोंड्याला 2 टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू चालतो, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून.

लग्नसराईत 'काळी मेहंदी' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. निव्वळ मेहंदीचा रंग तांबूस चढतो, काळाभोर नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी असली की टाळूपेक्षा पापण्या आणि कान आधी सुजतात, म्हणून लोकांना डोळे आल्यासारखं वाटतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस वाट पाहायची. कुणी पाहत नाही, पण पाहावी.

आणखी एक. टाळू गळकी असते. 1967 च्या एका प्रयोगात हातावर आणि टाळूवर हायड्रोकॉर्टिसोन लावलं, तेव्हा टाळूतून साडेतीनपट औषध आत गेलं. कपाशीवर फवारणी करताना उघड्या डोक्यानं उभं राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. खाजेवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमालाही तो लागू आहे. पोराच्या डोक्यात गोल चकतीत केस तुटलेले दिसले तर तो नायटा असू शकतो. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथं मलम पोचत नाही, पोटातूनच गोळी लागते. पू, गाठी, ताप असेल तर थेट दवाखाना.

आणि सगळंच पाण्याच्या माथी मारू नये, हे मला शेगावनं शिकवलं. जानेवारी 2025 मध्ये त्या तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं गळू लागले. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम भरमसाट सापडलं आणि बोट गव्हाकडे वळलं.

मोठ्या आईचं म्हणाल तर वडी आता फक्त कपड्यांना लागते. शेवटचे दोन मग ती पावसाचं साठवलेलं पाणी घेते, ते संपलं की फिल्टरच्या कॅनमधलं, "पिण्याचं पाणी डोस्क्यावर ओततो" असं पुटपुटत. आग बरीच कमी आहे. नखं मात्र अजून चालतात. मी समोर असलो की तेवढी पेरं.