फरशी खराब निघाली, दुकानदार ऐकत नाहीये? नागपुरात ग्राहक तक्रार कशी करायची, कोण करू शकतं, कागद काय लागतात

बेसा साइडला आमच्या घरी वरच्या मजल्यावर हॉल आणि दोन खोल्यांत ६४० स्क्वेअर फूट कोटा दगडाची फरशी टाकली, फेब्रुवारीत माल आला, मार्चमध्ये बसला, एप्रिलमध्ये घिसाई (मशीनने घासून पॉलिश) झाली, आणि जूनच्या पहिल्या पावसात खिडकीजवळच्या फरशीवर पोछा मारताना बायको म्हणाली इथं काहीतरी उचकटून राहिलंय, मी नख लावलं तर रुपयाएवढा पापुद्रा अलगद हातात आला. त्यानंतर घरभर शोधत फिरलो, सतरा फरश्या निघाल्या. दुकानात गेलो तर उत्तर तयारच, "निसर्गाचा माल आहे भाऊ, थोडंफार चालतेच."

थोडंफार चालते हे अर्धं खरं आहे, म्हणून आधी तेच बोलतो, कारण खूप लोक इथंच फसतात आणि मग तक्रार कमजोर होते.

रंग एका लॉटपासून दुसऱ्या लॉटला थोडा वेगळा असणं, मार्बलची शीर कुठं जाड कुठं बारीक असणं, हा दोष नाही, तो दगड आहे. सांध्यातून पांढरी पावडर वर येते तीही बहुतेक वेळा दगडाची चूक नसते, खालच्या सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर वर येतात, आणि आपल्याकडे बांधकामाला बोअरचं पाणी वापरतात म्हणून ते जास्तच दिसतं. फरशी ठोकल्यावर पोकळ आवाज येणं हे तर मिस्त्रीचं काम, खाली मसाला नीट भरला नाही. पण कोट्याचा थर सुटणं, पॉलिशनंतर आरपार भेग दिसणं, काळा ग्रॅनाइट म्हणून दिलेला दगड थिनरच्या कापसाने पुसला की कापूस काळा होणं, फर्स्ट क्वालिटीचा भाव घेऊन अर्धी गाडी दुसऱ्याच जाडीची येणं, हे दोष आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची व्याख्या करताना कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जासोबत विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्याच्यापेक्षा कमी असणं हेही धरलंय, म्हणजे दुकानदाराने व्हॉट्सॲपवर "एक नंबर माल, लेअर सुटणार नाही" असं टाकलं असेल तर तो मेसेज सोन्यासारखा जपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नाही. फरशी बसवायच्या आधी आणि बसवल्यावर, या दोन वेगळ्या केसेस आहेत. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार तुम्ही माल स्वीकारला की तो परत करायचा हक्क साधारणपणे जातो, उरते ती नुकसानभरपाई. फरशी खाली चिकटवून टाकणं म्हणजे स्वीकारणंच झालं. वरून डोळ्याला दिसणारा दोष असेल, कोपरे तुटलेले, रंग उघडच वेगळा, आणि तरी तुम्ही बसवली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की तुम्ही बघून घेतला होता नं माल? आतून लपलेला दोष, जो घिसाईनंतर किंवा पाणी लागल्यावर बाहेर आला, त्याचं वेगळं आहे, तिथं तुमची बाजू चांगली. म्हणून गाडी उतरताना पाच-सहा फरश्या सुट्या काढून ओल्या करा आणि सुकू द्या, बारीक भेग असेल तर बाकी दगड सुकला तरी ती रेघ काळी ओली राहते. मग नाण्याने ठोका, चांगला कोटा टणटण वाजतो, थर सुटलेला बद्द वाजतो. आमच्या मिस्त्रीने हे मला जूनमध्ये दाखवलं, आता काय उपयोग.

सॅम्पल बघून ऑर्डर दिली असेल तर आलेला माल सॅम्पलसारखाच हवा, हेही त्याच कायद्यात आहे. सॅम्पलचा तुकडा दुकानातून मागून आणा आणि त्यावर दुकानदाराची सही घ्या. हसेल तो. हसू द्या.

तक्रार कोण करू शकतं

घरासाठी पैसे देऊन, किंवा काही देऊन काही बाकी ठेवून, ज्याने माल घेतला तो ग्राहक. बिल मुलाच्या नावाचं आणि घर वडिलांचं असेल तरी मुलाच्या संमतीने वापरणारे वडीलही ग्राहकच. विकायला किंवा धंद्यासाठी घेतला असेल तर ग्राहक आयोगात दाद नाही, पण स्वतः राबून पोट भरायला टाकलेलं छोटं दुकान असेल तर कायदा त्याला ग्राहक मानतो. बिल्डिंगमधल्या चार-पाच जणांना एकाच दुकानातून सारखाच खराब माल आला असेल तर आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रारही करता येते.

ठेकेदाराचं मात्र नीट बघा. मटेरियलसकट ठेका दिला असेल, दगड त्यानेच आणला, बिलही त्याच्याच नावाचं, तर तुमचा व्यवहार ठेकेदाराशी आहे, त्याला सोडून फक्त दुकानदारावर गेलात तर तो म्हणेल मी या माणसाला ओळखतही नाही. आणि दगड तुम्ही आणला, मजुरी वेगळी दिली असेल तर दोघं एकमेकांवर ढकलतात, दुकानदार म्हणतो मिस्त्रीने ॲसिड मारलं, मिस्त्री म्हणतो माल कच्चा होता. चूक कुणाची हे पक्कं कळलं नसेल तर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. ॲसिडचा मुद्दा हलक्यात घेऊ नका, कोटा आणि मार्बल दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, बाथरूम क्लीनर पडलं की पॉलिश उडतेच, त्यामुळे पोछ्याला काय वापरता हे विचारणारच.

मुदत किती, कुठल्या आयोगात

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. लपलेला दोष ज्या दिवशी दिसला त्या दिवसापासून मोजा, पण दुकानदार म्हणणार बिलाच्या तारखेपासून, म्हणून बिलापासूनच दोन वर्षांच्या आत टाकलं की वादच नाही. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि कारण पटलं पाहिजे.

मालाचे ५० लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, म्हणजे फरशीच्या जवळजवळ सगळ्या केसेस इथंच. नागपूरचा आयोग सिव्हिल लाईन्समध्ये आहे. इथं लक्षात घ्या की मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नाही. माझा दगड ५२ रुपये फुटाने ३३,२८० चा, पण बसवणं, घिसाई, आता उखडणं, मलबा, नवा दगड, परत बसवणं असं धरलं तर आकडा लाखाच्या वर जातो, तरी फी ३३ हजारांवरच ठरते, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४०० आणि २० ते ५० लाख १००० रुपये.

दुकान राजस्थानात आणि माल ऑनलाइन मागवला असेल तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्यातली खरी कामाची सोय. वकील लावायची सक्ती नाही.

आधी काय करायचं

पहिलं म्हणजे फोनवर भांडणं बंद करा आणि लिहायला लागा. व्हॉट्सॲपवर फोटो, तारीख, किती फरश्या, कुठल्या खोलीत, आणि काय पाहिजे, बदली की पैसे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापलं असेल तर घाबरू नका, सदोष माल परत न घेणं आणि पैसे न देणं, बिलात लिहिलेल्या मुदतीत किंवा मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, याला कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, तक्रार नंबर मिळतो, ते दुकानदाराला कळवतात. हेल्पलाइन आदेश देत नाही, फक्त मध्यस्थी, त्यामुळे ज्याला नावाची काळजी आहे तो ऐकतो आणि बाकीचे गप्प बसतात. माझा गप्प बसला. तरी तो तक्रार नंबर पुढं जोडायला कामी येतो.

त्यानंतर नोटीस. कायद्याने बंधन नाही पण पाठवा, साध्या मराठीत, १५ दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून ठेवा. पाकीट न घेता परत आलं तर फोडू नका, तसंच फाइलला लावा.

आणि हो, दुरुस्तीची घाई करू नका. दिवाळीच्या आत सगळं उखडून नवीन टाकलं तर पुरावा मलब्यात गेला. अगदीच राहवत नसेल तर आधी व्हिडिओ, मोजमाप, सिव्हिल इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट, आणि मगच हात लावा.

कागदपत्रं

जीएसटीचं पक्कं बिल असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकांकडे नसते, कारण गल्ल्यावर बसलेला विचारतो "बिल कायले पाहिजे, फुकटचा टॅक्स लागेल" आणि आपण दोन-तीन हजार वाचवायला हो म्हणतो. मीही म्हटलं होतं. माझ्याकडे फक्त एस्टिमेटची चिठ्ठी होती, दुकानाचं नावसुद्धा नाही, रबरी शिक्कासुद्धा नाही, मग जीपेचं स्टेटमेंट, गाडीवाल्याला दिलेल्या भाड्याची नोंद, आणि दुकानदाराचा स्वतःचा मेसेज की "गाडी निघाली, ६४० फूट" हे तिन्ही जोडलं. तेवढ्याने व्यवहार झाला हे दिसलं. रोख दिले असते तर अवघड होतं.

बाकी लागतं ते असं: आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, ठेकेदाराचा करार किंवा मजुरीच्या पावत्या, दोषाचे फोटो (बाजूला टेप धरून काढा, आणि एक पूर्ण खोलीचा लांबून), मेसेजचे प्रिंट, हेल्पलाइनचा तक्रार नंबर, नोटीस आणि पोच, दुरुस्तीचं कोटेशन, आणि तक्रारीच्या समर्थनार्थ शपथपत्र, नोटरी केलेलं. मोबाइलमधला पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते) जोडावं, पूर्वी याला ६५ ब म्हणायचे. सगळ्यात वर तारीखवार घटनाक्रम एका पानात, हे पान आयोग खरंच वाचतो, त्यात शिव्या घालू नका.

अर्ज

१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय, आधीचं ई-दाखिल होतं. मोबाइल नंबर आणि ईमेलने रजिस्टर करायचं, नागपूर जिल्हा आयोग निवडायचा, दोन्ही पक्षांचे पत्ते, तक्रार, शपथपत्र, कागदांची पीडीएफ चढवायची. स्कॅन सरळ आणि वाचता येतील असे करा, नाहीतर त्रुटी निघते आणि परत फेरी. तक्रारीच्या शेवटी मागणी स्पष्ट लिहा: दगडाचे पैसे व्याजासह, बसवणं-उखडणं यांचा खर्च, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च, प्रत्येकाचा आकडा वेगळा. जे मागितलं नाही ते मिळेल या भरवशावर राहू नका.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. मग नोटीस निघते, समोरच्याला लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवतो, रिपोर्टला ४५ दिवस, आणि त्याची फी आधी तक्रारदारानेच भरायची. चुनखडीच्या फरशीसाठी आयएस ११२८ आणि पाणी शोषण्याच्या चाचणीसाठी आयएस ११२४ अशी भारतीय मानकं आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा म्हणजे लॅबला काय तपासायचं ते कळतं. आणि यासाठीच न बसवलेल्या चार-पाच फरश्या राखून ठेवा, बसवलेली काढताना तुटतेच.

कायद्यात निकालाची मुदत चाचणी नसेल तर ३ महिने, असेल तर ५ महिने. प्रत्यक्षात तारखा पडतात, मनाची तयारी ठेवा. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहायची विनंती करता येते. मध्येच दोघांची संमती असेल तर मध्यस्थीकडे पाठवतात, आणि छोट्या रकमेला मला तरी तोच मार्ग बरा वाटतो. माझं प्रकरण तसंच मिटलं, दुसऱ्या तारखेला दुकानदार वकील घेऊन आला, पूर्ण दगडाचे आणि अर्ध्या मजुरीचे पैसे द्यायला तयार झाला, मी घेतले. पूर्ण मजुरीसाठी लढलो असतो तर कदाचित मिळाली असती, पण घरात लग्न होतं.

निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. अपील दुकानदाराने केलं तर आधी आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश होऊनही पैसे देत नसेल तर त्याच जिल्हा आयोगात वसुलीचा अर्ज करता येतो, आणि कलम ७२ खाली वेगळा अर्ज टाकला तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड किंवा दोन्ही, एवढी तरतूद आहे. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकाल लागल्याबरोबर मागून घ्या.