जिवाचा हिशोब आणि ट्रेलरची बाजू

मोटारीतली बरीचशी सुरक्षा बंपरच्या भरवशावर असते. पुढचा पत्रा चुरगळून धक्का पोटात घेतो, तेवढ्यात एअरबॅग उघडते. पण लांबलचक ट्रेलरच्या बाजूला, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, बंपरला आदळायला असतंच काय? बॉनेट सरळ खाली घुसतं आणि ट्रेलरची कड काच फोडून डोक्याच्या उंचीला आत येते. मागच्या बाजूला असं होऊ नये म्हणून अमेरिकेत आडवा लोखंडी दांडा सक्तीचा आहे. त्याला ‘मॅन्सफील्ड बार’ म्हणतात. अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड 1967 मध्ये ट्रेलरला मागून धडकूनच गेली. बाजूची मोकळी जागा झाकणाऱ्या गार्डची मात्र तिथे सक्ती नाही.

2023 मध्ये तिथल्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेने बाजूच्या गार्डचा हिशोब मांडला. वर्षाला साधारण 17 जीव वाचतील, 69 गंभीर जखमा टळतील. खर्च मात्र 97 ते 120 कोटी डॉलर. टळलेल्या जखमाही धरल्या आणि पुढच्या वर्षांत मिळणारा फायदा आजच्या किमतीत मोजला, तर संस्थेच्या हिशोबाने एका जिवामागे 7 कोटींहून जास्त.

हे महाग कशाच्या तुलनेत? अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 2022 साठी एका जिवाचा आकडा 1.25 कोटी डॉलर धरला होता. ही कुणा एका माणसाची किंमत नव्हे. दहा हजारांत एक मृत्यू एवढा धोका टाळायला प्रत्येक जण 1,250 डॉलर मोजायला तयार असेल, तर दहा हजार जणांचे मिळून 1.25 कोटी होतात. ऐकायला कोरडं वाटतं, पण याच पद्धतीने 2015 मध्ये जड ट्रकना उलटण्यापासून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली: वर्षाला 40 ते 49 जीव, खर्च साडेचार कोटींच्या आसपास. तिथे वाद घालायला फारसं उरतच नाही.

बाजूच्या गार्डचं गणित मात्र मला खटकतं. बेरीज-वजाबाकी बरोबरच असेल. प्रश्न वहीत काय लिहिलं याचा आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संशोधन संस्थेच्या मते वाचणारे जीव 159 ते 217 आहेत. सतराच्या जागी दीडशे-दोनशे! सरकारी हिशोबात ताशी सुमारे 64 किलोमीटरपुढच्या धडकांचा फायदा शून्य धरला होता. शिवाय तो फक्त मोटारीत बसलेल्यांचा होता. वळणाऱ्या ट्रेलरच्या मधल्या मोकळ्या जागेतून मागच्या चाकांखाली जाणारा सायकलस्वार त्या 17 मध्ये मोजलेलाच नाही.