विनोदी रहस्यपट आणि दुपारी बाराचा ‘प्राइम टाइम’

गुन्हेगार कोण, हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या आधी ओळखायची घाई आणि अंदाज चुकला की अख्ख्या थिएटरचं एकदम हसणं, यासाठी विनोदी रहस्यपट मोठ्या पडद्यावर बघायचा. या प्रकाराची अडचण अशी की त्याची जाहिरात प्रेक्षकांनाच करावी लागते, तीही गोष्ट न फोडता. ‘बघून ये, मग बोलू’, याच्यापुढे काही सांगता येत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत पुरेशा लोकांना सोयीच्या वेळी बघायला मिळाला, तरच तो दुसऱ्या शुक्रवारी टिकतो. त्यामुळे मराठीत अशा चित्रपटाचं नशीब बरंचसं शोच्या वेळेवर ठरतं.

पडद्यासाठीचं हे भांडण जुनं आहे. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये एका ग्रामीण विनोदी चित्रपटाला डावलून हिंदी चित्रपट लागणार होता. एका राजकीय संघटनेने रस्त्यावर उतरून मराठी चित्रपट लावायला लावला. करमणूक कर निर्मात्यांना परत देणाऱ्या 1975 च्या करपरतावा योजनेने निर्मात्यांच्या हाती पुढच्या चित्रपटासाठी पैसा आला आणि ऐंशीच्या दशकातली विनोदाची लाट त्यावर उभी राहिली. वेशांतर, चुकीची ओळख, हरवलेली बॅग, वाड्यातलं गुपित हा सगळा माल तिथलाच. मग मल्टिप्लेक्स आली. त्यांना राज्याने सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात मोठी सवलत दिली. सवलत घेता, मग मराठीला पडदा का देत नाही, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

7 एप्रिल 2015 रोजी सरकारने विधिमंडळात जाहीर केलं, की मल्टिप्लेक्सना संध्याकाळी 6 ते 9 या प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवावा लागेल. लगेच गदारोळ उठला. काय बघायचं हे प्रेक्षकाने ठरवावं, सरकारने नव्हे, असं एका इंग्रजी स्तंभलेखिकेने लिहिलं. आता पॉपकॉर्नऐवजी वडापाव खायचा का, असाही टोला होता. तिच्याविरुद्ध हक्कभंगाचा प्रस्ताव आला आणि घरासमोर वडापाव घेऊन निदर्शनं झाली. दोन दिवस वाहिन्यांवर वडापावच होता.

त्या गोंधळात मूळ निर्णय बदलला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. थिएटरमालक आणि निर्माते यांच्याशी चर्चा झाल्यावर 6 ते 9 चं दुपारी 12 ते रात्री 9 झालं. नऊ तासांचा प्राइम टाइम! शब्द तोच राहिला, अर्थ पार पातळ झाला. बाजू मांडायची तर, दुपारच्या शोला येणारा मराठी प्रेक्षक आहे. पुण्यात निवृत्त मंडळी आणि गृहिणी याच वेळेला पसंती देतात. पण नोकरी करणाऱ्याला बारा वाजताचा शो शनिवार-रविवार सोडून काय कामाचा? सव्वाबाराला एक शो लावला की अट पूर्ण होते आणि संध्याकाळ मोठ्या हिंदी चित्रपटाला मोकळी राहते. माझ्या मते खरी हार त्या तडजोडीत झाली.

तिचा परिणाम मी स्वतः अनुभवलाय. एक छान जमलेला विनोदी रहस्यपट मी गुरुवारी पावणेएकच्या शोला बघितला. आम्ही नऊ जण होतो. मध्यंतराच्या जरा आधी मागच्या रांगेतल्या काकू ‘हाच तो, बघा!’ म्हणून जोरात बोलल्या आणि दोन मिनिटांत त्यांचा संशयित कपाटातून हातपाय बांधलेला बाहेर पडला. काकू स्वतःच खळखळून हसल्या, आम्हीही हसलो, पण अडीचशे खुर्च्यांत नऊ जणांचं हसणं किती घुमणार? भरलेल्या थिएटरात त्या प्रसंगाला छप्पर उडालं असतं. दुसऱ्या दिवशी चित्रपट उतरला होता.

पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि आणखी एक आधार गेला. तोवर राज्यात मराठी चित्रपटाला करमणूक कर नव्हता, त्यामुळे त्याचं तिकीट हिंदीपेक्षा स्वस्त ठेवता येत असे. जीएसटी भाषा बघत नाही. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला सुरुवातीला 28 टक्के आणि 2019 पासून 18 टक्के, मग चित्रपट कुठल्याही भाषेतला असो. दुपारचा शो, वर तिकीटही महाग, अशा वेळी माणूस ‘येईल की ओटीटीवर’ म्हणतो, आणि तोवर गुन्हेगाराचं नाव कुणीतरी व्हॉट्सॲपवर सांगून टाकलेलं असतं.

2017 मध्येच 22 डिसेंबरला मोठ्या हिंदी चित्रपटासमोर एका मराठी चित्रपटाला स्क्रीन मिळेनात, तेव्हा पुन्हा आंदोलनाचा इशारा द्यावा लागला. 18 जुलै 2025 रोजी तर पैशांच्या पाठलागावरचा एक मराठी विनोदपट आणि एक हिंदी प्रेमकथा एकाच दिवशी लागले. प्रेमकथेला गर्दी झाली, विनोदपटाचे शो घटले आणि मल्टिप्लेक्सना इशारे सुरू झाले. दुपारी 12 ते रात्री 9 ही व्याख्या मात्र त्या वेळीही चर्चेला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.